पद्माक्कांचा नेचा

सकाळी उठल्या की पद्माक्का देवाआधी बरणीला नमस्कार करायच्या. लोणच्याची काचेची बरणी. आत विटेचा ओला तुकडा आणि त्याला बिलगलेला, आगुंब्याच्या जंगलातून आणलेला बोटभर नेचा. झाकण जरासं उघडून त्या आतला वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "सरी, ठीक. जिवंत आहे."

चामराजपेटेत त्यांच्या घरामागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्यानं राहायचो. सन पन्नास-साठमधली गोष्ट. यजमानांना कारखान्यात नोकरी लागली आणि मी साताऱ्याहून थेट बेंगळुरात आले. अक्कांचं घराणं इथं पिढ्यान्‌पिढ्यांचं. त्यांच्या मराठीत कानडी इतकं मिसळलेलं, की निम्मं मला कळायचं नाही. पण निसर्गशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाईंना "काय म्हणालात?" विचारायची माझी काय छाती!

त्या नेच्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. लालबागेतल्या एका साहेबांनी सांगितलं होतं, पानाखाली ठिपके धरू देत, मग बघू. तीन वर्षं अक्का त्या ठिपक्यांची वाट पाहत होत्या, हे मला पुढं कळलं. "नाव कळल्याशिवाय मी जात नाही बघ," म्हणायच्या. पोटाच्या ऑपरेशनला निघाल्या त्या दिवसापर्यंत मला ती थट्टाच वाटायची.

टांग्यात बसताना त्यांनी बरणी माझ्याकडे सोपवली. "स्वल्प पाणी शिंपड. ऊन नको. आणि ठिपके दिसले तर हुळु नव्हे ते, ध्यानात ठेव."

मी ऐकलं, "हळू नव्हे ते."

पाचव्या दिवशी ठिपके दिसले. तपकिरी, पानापानाखाली. हळू नव्हे, म्हणजे हा रोग भराभर पसरणार! हळदीच्या पाण्यात कापूस बुडवून मी एकेक पान पुसून लख्ख केलं आणि कापूस मोरीत टाकला. तरी दिवसातून दहादा बरणी बघत होते.

दुसऱ्या दिवशी भाजीवालीनं एक वांगं बाजूला काढलं. "बेडा अम्मा, हुळु," म्हणत आतली अळी दाखवली. म्हणजे अक्का सांगत होत्या, ती कीड नव्हे!

अक्का घरी आल्या त्या अर्ध्या होऊन. मी रडतरडत सगळं सांगितलं. अक्का म्हणाल्या, "चूक माझी गं. तुझ्याशी नीट मराठीत बोलायला हवं होतं." आणि लगेच, "कापूस कुठं टाकलास? बी त्या ठिपक्यांतच असतं."

मग रोज दुपारी माझ्या खांद्यावर हात टाकून त्या मोरीपाशी यायच्या, भिंगातून ओली भिंत न्याहाळायच्या. "अजून नाही," म्हणायच्या. दर दिवशी खांद्यावरचा हात हलका लागायचा आणि मला धडकी भरायची. बरणीतल्या नेच्याला पुन्हा ठिपके आलेच नाहीत. अक्का गेल्या.

पुढच्या पावसाळ्यात मोरीच्या विटांवर हिरवे कण दिसले. मी तासभर भिंग लावून बसले. शेवाळ की नेचा, मला काही ओळखता येईना, आणि ज्याला विचारायचं ते माणूस उरलं नव्हतं. कामवाली मोरी घासायला आली, तेव्हा मी त्या भिंतीपुढे आडवी उभी राहिले. म्हटलं, "एवढी भिंत राहू दे."