मोहाखालचा इंटरव्ह्यू

मुलांनो, तुमची आजी आयुष्यभर इंग्रजी शिकवत आली. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. तरीही हे लिहितेय...

तुमच्या समीरकाकाचं चंद्रपुरातलं ऑफिस तुम्ही व्हिडिओवर पाहिलंय. जंगलातून मोहाची फुलं, तेंदूची पानं गोळा करणाऱ्यांना फोनवर त्यांच्याच बोलीत भाव सांगणारं अ‍ॅप. यंदा फंडिंग मिळालं आणि भराभर माणसं घ्यायची होती. इंटरव्ह्यूच्या शेवटच्या गप्पा मी मारायच्या, असं ठरलं.

एका दुपारी स्क्रीनवर गडचिरोलीकडची रंजना होती. मागे मोहाचं झाड, पिवळसर ऊन. चित्र अडकलेलं, आवाज मात्र स्वच्छ.

"नोकरी नाई भेटली तं हैदराबादले जा लागते, बाई. मंग आईले कोण पाहीन? तिले दिसत नाई. फूल पडल्याचा आवाज आयकून मोह वेचते."

मध्येच टप... टप... ऐकू यायचं. मला पेंग आल्यासारखं सुखाचं वाटत होतं.

संध्याकाळी समीर म्हणाला, "आई, रंजना कॉलवर आलीच नाही. दुसरीला घेतोय."

"अरे, मी बोलले तिच्याशी!"

"झोपली असशील," तो हसला आणि रेकॉर्डिंग लावलं. काळी स्क्रीन. माझे प्रश्न, मग शांतता, मग माझं "अगंबाई, हो का?" त्या शांततेत मला टप... टप... ऐकू आलं. समीर म्हणाला, वरचा पंखा वाजतोय.

मी हट्टानं फोन लावायला सांगितला. बऱ्याच वेळानं लागला. स्पीकरवर रंजना, रडवेली.

"सर, सकाळपासून टावर बंद होता. आता टेकडीवर आली. दुपारी मोहाखाली बसून बाईले मनातल्या मनात सारं सांगून राह्यली होती..."

मी फोन घेतला. "रंजना, तुझी आई आवाज ऐकून मोह वेचते ना गं?"

पलीकडून हळूच, "बाई... तुमाले कोनं सांगतलं?"

प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागणारा तुमचा काका! पुढे काही न विचारता त्यानं फोन परत घेतला. "सोमवारपासून काम सुरू. घरूनच करायचं. टेकडी चढावी लागेल."

"चढतो ना सर!"

परवा समीर एकटाच ते रेकॉर्डिंग ऐकत बसला होता... पंखा बंद करून.