लोंढ्याला थांबलेलं मत

आमच्या पंचायतीचा अध्यक्ष एकदा माझ्या एकट्याच्या मतावर ठरलाय. त्या टायमाला मी मेंबर न्हवतो, मीटिंगला न्हवतो, पंचायतीच्या दाराबाहीर ट्रॅक्सच्या मागच्या सीटवरली उलटी पुसत हुतो, ती गोष्ट येगळी.

हे मी च्याच्या हाटेलात सांगाय लागलो की पोरं हसत्यात. आता परत पंचायतीचं इलेक्शन जवळ आलंय, त्यामुळं रोज ह्योच इषय. पोरं शिकल्याली, बेळगावात कामाला जाणारी. ती म्हणत्यात, "मामा, आपल्या मताला काय अर्थ हाय? अध्यक्षाला आपण कुटं मत देतो? आपण मेंबर निवडायचा, मग मेंबर आत बसून अध्यक्ष करणार. दिल्लीच्या राष्ट्रपतीचं बी तसंच. आपलं मत वाटंतच जिरतंय."

मी शाळंत पाटी फोडण्यापलीकडं काय केलं न्हाय, त्यामुळं राष्ट्रपतीचं मला ठावं न्हाय. पर मत वाटंत कुटंकुटं जातंय हे माझ्याएवढं कुणी बघितल्यालं न्हाय. मीच त्येला ट्रॅक्समधनं समुद्रापतोर नेऊन आणलंय.

आमचं गाव उचगावाकडं. खालची गल्ली देवळापाशी, वरची गल्ली टेकाडावर. नळ आले ते खालच्या गल्लीत. आमी वरच्या गल्लीवाले ओढ्याकाठच्या हिरीवरनं पाणी आणायचो. आणायचो म्हंजे बायका आणायच्या. मी हिरीच्या कट्ट्यावर बसून त्यास्नी हसवायचो. एकदा आमची ही म्हणाली, "अवो, तोंड चालतंय तेवढं हात बी चालवून दाखवा." मग काय, डोक्यावर घागर, काखंत कळशी घेऊन निघालो ऐटीत. चढाला पाय सटकला. घागर खाली ओढ्यापतोर गेली आन् तिच्या मागनं मी. बायका हसून हसून पाणी भरायच्या राहिल्या. त्या दिवसापास्नं मला कुणी घागरीला हात लावू दिला न्हाय. तवा मला ती शिक्षा वाटली न्हाय.

तर त्या वर्षी आमच्या दोन घरं पल्याडची आक्का मेंबरकीला उभी राहिली. शेतात राबणारी बाई, बोलणं तोलूनमापून. गल्लीतल्या बायकांनीच तिला हिरीवर उभी केली. एकच बोलणं हुतं, "आक्का, नळ आण." तिला चिन्ह मिळालं शिडी. मी म्हटलं, आक्का, प्रचाराचं माझ्याकडं लागलं. घरची लाकडी शिडी खांद्यावर घेतली आन् गल्लोगल्ली वरडत फिरलो. चौकात शिडी उभी केली, वर चढून भाषाण सुरू केलं. खाली शिडी धरायला कुणी हाय का न्हाय हे बघायचं राहिलं. पडलो ते सरळ उकिरड्यात. आक्का आली, माझ्या केसातला पाला काढला आन् म्हणाली, "आता लोकं कीव करून तरी मतं देतील."

दिली. आक्का निवडून आली. माझा शिक्का शिडीवरच हुता. मी तो इतका दाबून मारला की टेबलावरच्या बाईनं मान वर करून बघितलं.

आता अध्यक्ष करायचा हुता. त्या खेपंला अध्यक्षपद बाईमाणसाला हुतं. खालच्या गल्लीचा अण्णा म्हंजे गावातली मोठी असामी, त्येला त्येची सून अध्यक्ष करायची हुती. त्येच्याकडं आठ मेंबर, पल्याडच्या पार्टीकडं सात. आक्का त्या आठात, कारण अण्णानं तिला शबूद दिल्याला की वरच्या गल्लीचा नळ पयला. फुटाफुटी नको म्हणून अण्णानं आठीजणास्नी देवळात नेलं, हातात भंडारा दिला आन् शप्पथ घातली, "पल्याडच्या पार्टीला मत देणार न्हाय." मग सगळ्यांचे फोन काढून घेतले, आपल्या पिशवीत टाकले, आन् ट्रॅक्स भरून निघाला समुद्राकडं. मीटिंगच्या दिवशीच परत आणायचं, असं ठरल्यालं. आमच्या भागात हे नवं न्हाय. डायवर मी.

मला लई गंमत वाटत हुती. सगळ्या गावाची मतं माझ्या गाडीत बसून चिवडा खात हुती. घाटात वळणं लागली तशी ती मतं खिडकीतनं तोंड बाहीर काढून वकायला लागली.

आक्कानं समुद्र पयल्यांदाच बघितला. बाकीचे पाण्यात उड्या मारत हुते, फोटू काढायला फोन न्हाईत म्हणून हळहळत हुते. ती वाळूत उभी, पदर डोक्यावर घट्ट धरून. बराच वेळ बघितली आन् म्हणाली, "एवढं पाणी, आन् एक कळशी घरी न्हेण्याजोगं न्हाय."

शेवटच्या रात्री जेवताना अण्णा आपल्या माणसाला सांगत हुता, "आधी देवळाफुडं हॉल घालू. वरच्या गल्लीचं पाईपाचं बघू फुडच्या खेपंला." आक्का दोन पानं पल्याड बसली हुती. तिनं भाकरी मोडली, आमटीत बुडीवली, खाल्ली. मी मातूर लगेच माशाचा काटा घशात अडकवून घेतला, कारण बोलू का नको ह्येच्यात मी गिळायचं इसरलो.

दुसऱ्या दिवशी पाटंचं निघालो. अकराला मीटिंग. लोंढ्याला टेसनाजवळ च्याला थांबलो. अण्णा आन् मंडळी कांदाभजी खायाला बसली. आक्का माझ्याकडं गाडीपाशी आली.

"काय रं, तू मला मत दिलतास न्हवं?"

"दिलतं की आक्का! असा शिक्का हाणलाय की टेबलाखाली उमटला आसंल."

"मग त्येचं आता काय करायचं? अण्णाचं रात्रीचं ऐकलास न्हवं तू?"

माझी छाती ही एवढी झाली. जल्मात पयल्यांदा कुणीतरी मला इचारत हुतं. मी घसा खाकरला, म्हटलं, "आक्का, आता राजकारण म्हंजे कसं आस्तंय..." आन् अर्धा कप च्या होईपतोर बोललो. काय बोललो ते मला आज बी आठवत न्हाय. आक्का शांतपणानं माझ्या खिशाकडं बघत हुती.

"तुजा फोन हाय न्हवं?"

हुता. मेंबरांचे घेतले, डायवरचा कोण घेतोय? डायवरला मत असतंय हे अण्णाच्या डोक्यात आलंच न्हवतं.

मी हिला फोन लावला. त्या वक्ताला सगळ्या बायका हिरीवर. मी सुरू केलं, "अगं ऐक, लई गंभीर परसंग हाय, मी आक्काला समजावतोय—"

"अवो, तुमी गप बसा. फोन आक्कास्नी द्या."

दिला. पलीकडनं रहाटाचा कुरकुर आवाज येत हुता, आन् चारपाच बायका एकदम बोलत हुत्या. आक्का तेवढं म्हणायची, "व्हय... न्हाय गं, शप्पथ मोडायची न्हाय... व्हय, तेबी खरं." मग तिनं फोन मला परत दिला, च्याचा कप धुतला, आन् बाकड्यावर बसलेल्या अण्णासमोर जाऊन उभी राहिली.

"अण्णा, मी हितंच उतरतो. तुमी जावा. मी रेल्वेनं येतो सावकाश."

अण्णाच्या हातात भजी तशीच राहिली. "अगं पर मीटिंग? शप्पथ घेतलीस न्हवं?"

"घेतली. पल्याडच्यास्नी मत देणार न्हाय म्हणून घेतली. मीटिंगला येतो म्हणून कुटं घेतली? मला गल्लीनं नळासाठी धाडलंय. नळ न्हाय तर मी बी न्हाय."

आक्का न्हाय आली तर सात आन् सात. तसं झालं की चिठ्ठी उचलायची, आन् चिठ्ठी कुणाची निघंल ते अण्णाच्या हातात न्हवतं. तो जरा हसला, जरा तापला, मग म्हणाला, "बरं बाई, नळ पयला. झालं?"

आक्कानं पदराची गाठ सोडली. त्यात देवळातला भंडारा तिनं तसाच बांधून ठिवला हुता. "हात फुडं करा."

बापयमाणूस, गावचा मोठा, लोंढ्याच्या हाटेलात भजीचा तेलकट हात धोतराला पुसून भंडारा घेऊन उभा. "वरच्या गल्लीचा नळ पयला, मग हॉल," असं सगळ्यांच्या देखत त्येच्याकडनं वदवून घेतलं. आक्का गाडीत बसली ती फुडं, माझ्या शेजारी. खानापूर कधी गेलं मला कळलं न्हाय, इतकी गाडी हाणली. मागची उलटी त्यातलीच.

पंचायतीत साहेबानं कन्नडात इचारलं, "एल्लारू बंद्रा?" सगळे आले का म्हणून. आठीजण आत गेले. मी बी रुबाबात मागनं निघालो, तर शिपायानं दारातच छातीला हात लावला. म्हटलं, अरं, माझं मत आत गेलंय! तो म्हणाला, "मत गेलंय न्हवं, मग तुजं काय काम?" मी जाऊन सीट पुसत बसलो. जरा वेळानं गुलाल उडाला. अण्णाची सून अध्यक्ष झाली.

पाईप काय लगेच आली न्हाय. पावसाळा गेला, सुगी गेली. आक्का काय भांडली न्हाय. अण्णा रस्त्यात दिसला की नुस्ती थांबायची आन् पदराची गाठ चाचपायची. अण्णा वाट बदलायचा. गावाला वाटा त्या किती असणार? शेवटी वरच्या गल्लीला नळ आला, आन् देवळाफुडं हॉल मागनं झाला.

आता दिवसाआड पाणी येतंय, घराघरात. ही अंगणात नळाची चावी सोडती, बारडी लावून आत जाती. बायका एकमेकीस्नी फोनवर बोलत्यात. हिरीचा रहाट कुणीतरी काढून नेला, कट्ट्याच्या फटीत पिंपळाचं रोप आलंय. मी कधीमधी सांजच्याला तिथं जाऊन बसतो. एखादा इनोद आठवला तर मोठ्यांदा सांगून बघतो. खाली बेडकं हायत, ती डराव करत्यात. बायकांगत हसणं त्यास्नी जमत न्हाय. बायकांच्या मणक्याला आराम मिळाला आन् माझी ऐकणारी माणसं गेली. तरीबी मला परत इचारलं तर मी शिडीवरच शिक्का हाणणार. म्हंजे, इचारलं तर.

परवा हाटेलात हे सगळं पोरांस्नी सांगत हुतो. म्हटलं, मत वाटंत जिरतंय म्हणतासा, पर गाव न् अध्यक्ष ह्यांच्या मधी एक वाट असती, आन् त्या वाटंवर मी उभा हुतो. पोरांनी हातातले मोबाईल खाली ठिवले. मला बरं वाटलं. तेवढ्यात आक्का शेजारच्या दुकानातनं साखर घेऊन आली. आता म्हातारी झालीया, काठी घेऊन चालती. म्हटलं, झालं, साक्षीदारच आली.

"आक्का, सांग की ह्यास्नी. लोंढ्याला तू कुणाला इचारलंस?"

आक्कानं साखरंची पुडी पिशवीत टाकली.

"तुला कशाला इचारू रं? त्या दिवशी फोन तेवढा तुज्या खिशात हुता."