पॅड लावायचा तास

आमच्या घरात पॅड लावायला सगळ्यात मन लावून मी शिकलो. (मी मुलगा आहे. मिशी पण आहे. थोडी.)

झालं काय, माझी बहीण चिनू अकरा वर्षांची झाली. तिला ऑटिझम आहे. नुसतं सांगून कळत नाही, पण करून दाखवलं की हुबेहूब उचलते. गुडघा फुटला तेव्हा रक्त बघून ती दोन दिवस जेवली नव्हती! म्हणून तिच्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, "पाळी यायच्या आधीच सवय करा. रोज करून दाखवा."

आई लाजून लाल. "मला नाय जमायचं रे! तू करतोस ना सगळ्यांच्या नकला? कर!"

मी ट्रॅकपँटवरून बाबांची चड्डी चढवली. पॅडचा कागद काढला, तर पॅड अंगठ्यालाच चिकटला! "आयो! आयो!" करत मी एका पायावर नाचलो. चिनू खदखदून हसली. मग काय, मला चेव! एसटीच्या कंडक्टरचा आवाज काढला, "चला, पुढं सरका, पुढं सरका!"

तेवढ्यात दारात मुंबईचे मामा. मला आपादमस्तक बघून म्हणाले, "ताई, ह्याची तब्येत बरी हाय ना?"

दुसऱ्या दिवशी चिनूनं सगळं बरोब्बर केलं. नाच आणि कंडक्टरसकट! मी न नाचता दाखवलं की ओरडायची, "चूक! पहिल्यापासून!" महिनाभर मी नाचलो.

मग महाडला आत्याकडे पूजा होती. चिनू अचानक उठली, आपली पॅडची पिशवी घेऊन बाथरूममध्ये गेली. आईनं माझा हात घट्ट धरला. आता किंचाळणार...

आतून आवाज आला, "आयो! आयो! चला, पुढं सरका, पुढं सरका!"

भटजी थांबले. मागच्या दोन बायका खरंच पुढं सरकल्या!

दार उघडलं. चिनू एकदम शांत. "आई, रक्त आलं. पॅड लावला. हात धुतले."

जन्मभर हा विषय कानात कुजबुजणारी माझी आई भर पूजेत ओरडली, "एकटीनं केलंन गो सगळं!" आणि रडायलाच लागली.

मला वाटलं, आता आत्या चिडणार. पण तिनं चिनूला जवळ बसवलं, हातावर प्रसाद ठेवला. "हुशार गो माझी बाय! कोणी शिकवलं?"

चिनूनं माझ्याकडे बोट दाखवलं. सगळी पूजा वळली. मी कॉलर नीट केली.

"दादानं," चिनू म्हणाली. "पण त्याला अजून नीट जमत नाय."