आत्याचं बदक

आमची आत्या कारखान्यात गणवेश शिवून निवृत्त झाली. शिलाईयंत्रावर तिचा हात कुणी धरत नसे, आणि क्रोशाला ती ‘रिकामटेकड्यांचे चाळे’ म्हणायची. तीच आत्या ताईच्या उशाशी लोकर घेऊन बसली तेव्हा मला हसू नाही आलं, धडकीच भरली.

ताईची दोन बाळं पोटातच गेली होती. हे तिसरं. बाळासाठी म्हणून घरात साधं टोपडंही आणायचं नाही, अशी तिची सक्त ताकीद होती.

“बाळाचं कोण करतंय? मी शिकतेय,” आत्या ठणकावून सांगायची. प्रत्येक चौकोन वेगळ्या विणीचा. सगळे जोडले की पांघरूण होईल, नाहीतर पायपुसणं! खोटं तिला कधीच धड जमलं नाही, पण ताई ते खपवून घ्यायची.

शेवटचा चौकोन जाळीच्या विणीचा होता. नमुन्याच्या तक्त्यातलं काळं घर खांबांनी, म्हणजे उभ्या टाक्यांनी, भरायचं, पांढरं मोकळं सोडायचं, म्हणजे जाळीत चित्र उमटतं. चित्र होतं बदकाचं, आणि ते काही केल्या जमेना. मान एका ओळीत इकडे, दुसरीत तिकडे. आत्या उसवायची, पुन्हा विणायची आणि तक्ता काढणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

त्या दिवशी सकाळी ताईला रक्त दिसलं. डॉक्टरीणबाई घरी येऊन तपासून गेल्या. बाळाचे ठोके लागत होते, पण ताईने अंथरुणातून हलायचं नाही, आणि संध्याकाळपर्यंत रक्त थांबलं नाही तर दवाखान्यात न्यायचं. मी सारखी चादर बघत होते. आत्या विणत होती. तेच बदक उसवत होती, पुन्हा विणत होती. मला तिचा भयंकर राग आला. आज तरी ठेव की ते बाजूला!

“आत्या, दे इकडे,” ताई म्हणाली.

आता ही ते भिरकावणार, असं मला वाटलं. पण ताईने पडल्या पडल्या तक्ता डोळ्यांसमोर धरला.

“तू प्रत्येक ओळ उजवीकडूनच वाचतेस. काम उलटलंस की पुढची ओळ डावीकडून वाचायची ना!”

“यंत्रावर कुठे असं उलटं यावं लागतं?” आत्या पुटपुटली.

“उसव सगळं.”

“असू दे गं. शिकण्यापुरतंच तर आहे.”

संध्याकाळ व्हायला अजून वेळ होता. रक्त थांबलं नव्हतं. ताईने स्वतःच धागा ओढला आणि ओळीमागून ओळ उसवत नेली.

“मान मोडलेल्या बदकाखाली नाही निजवणार मी माझ्या बाळाला,” ती म्हणाली. “वीण नीट.”