पाचची शिट्टी

प्रबंधाला शेवटची मुदतवाढ मिळाली त्याच महिन्यात नवरा फौजेतून कायमचा घरी आला. दोन संकटं एकदम आली, असं मी विश्रामबागेतल्या आमच्या गल्लीत हसत हसत सांगितलं. द्राक्षवेलीवरच्या बुरशीवर मी इतकी वर्षं लिहीत होते की प्रबंधालाच बुरशी धरली होती. दिवाळीच्या आत तो सादर झाला नाही तर नोंदणी रद्द, म्हणजे सगळं मुसळ केरात.

माझी रीत ठरलेली. कॉलेजातून यायचं, स्वयंपाक उरकायचा, मग फोन बघत जागायचं. त्यातून एखादा परिच्छेद झालाच तर तो सकाळी खोडायचा. कुंडलच्या ऊसवाल्या घरातला हा सुभेदार आठवडाभर बघत राहिला. आमचा संसार आजवर त्याच्या सुट्ट्यांवर चाललेला, मला रोजच्या रोज असं कुणी बघितलंच नव्हतं. शेवटी म्हणाला, "आगं, वेळ लय हाय तुझ्याकडं. डोकं दमलंय. त्येलाबी पीटी लागती."

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला त्याने फाटकाशी उभं राहून शिट्टी फुंकली.

आमच्या गल्लीत शिट्टी वाजवतो तो फक्त कचऱ्याच्या गाडीवरचा माणूस. धडाधड दारं उघडली. शेजारच्या काकू ओल्या कचऱ्याची बादली घेऊन धावल्या, समोरचे बँकवाले काका लुंगी सावरत सुक्या कचऱ्याची.

"आवं, गाडी कुठं हाय?" काकूंनी विचारलं.

"गाडी न्हाई काकू, पीटी हाय."

"मग ह्या बादलीचं काय करू?"

"ठेवा तितंच. आलायसा तर चला."

आणि ते खरंच निघाले. मी इतकी हसले की पहिल्या दिवशीचा व्यायाम माझ्या पोटालाच झाला.

मग रोज तेच. चालून यायचं, अंघोळ करायची आणि कॉलेजला जायच्या आधी लिहायचं. फोन ज्वारीच्या डब्यात. जेवण दिवेलागणीलाच, आणि दहाच्या आत 'लाइट्स आउट'. सुरुवातीला मी त्याला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. पण घाम काढून टेबलाशी बसलं की वाक्यं सुचायला लागली आणि सकाळी खोडायला काही उरेना. संध्याकाळ तर एवढी मोठी झाली की तिचं काय करावं कळेना. चालताना तो सरहद्दीवरच्या थंडीचं सांगायचा, मी बुरशीचं. आता द्राक्षावरच्या बुरशीत भुरी कुठली आणि केवडा कुठला, हे तो बागायतदाराला शिकवतो.

दिवाळीच्या आधी प्रबंध गेला. मी कॉलेजच्या जिन्यावरून अक्षरशः नाचत उतरले.

दुसऱ्या दिवशी पाच वाजले, शिट्टी झाली नाही. तो जागाच होता.

"आवं, शिट्टी?"

"झालं की तुझं काम. झोप निवांत."

मला एकदम भरून आलं. इतक्या वर्षांनी हा माणूस रोज माझ्या शेजारून चालायला लागला होता, आणि ते काय फक्त बुरशीपायी? मी उठले, खिळ्यावरची शिट्टी काढली आणि फाटकाशी जाऊन छाती फुटेस्तोवर फुंकली.

दारं उघडली. बादल्या कुणाच्याच हातात नव्हत्या, सगळे बूट घालून आले होते. सुभेदार सगळ्यांच्या मागून, नाडी बांधत.

"उशीर झाला," मी म्हटलं. "तुम्हाला एक फेरी जास्त. मी येते बरोबर."