इर्मगार्डच्या पाळीतला बर्फ

जर्मनीतल्या रॉइटलिंगेन गावच्या त्या इमारतीत झाडलोटीची पाटी दर आठवड्याला एका दारावरून पुढच्या दारावर जाई. पाटी ज्याच्या दारावर, जिना आणि बाहेरच्या पायऱ्या त्याच्याकडे; हिवाळ्यात पायऱ्यांवरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकायचं, तेही त्यानेच. इर्मगार्ड बॉयर्लेची पाळी म्हणजे जिना असा लखलखीत, की बाकीच्या बायकांनी नाकं मुरडावीत. आणि नेमकी तिच्याच पाळीत वरच्या मजल्यावरची विधवा, फ्राऊ श्टायमले, पायरीवरच्या बर्फावरून घसरली. मनगट मोडलं, चष्मा फुटला.

"मी मीठ टाकलं होतं," इर्मगार्डने ठणकावून सांगितलं. टाकलं नव्हतं. साफ विसरली होती. पण हे कबूल करायचं म्हणजे चारचौघांत नाक कापून घ्यायचं.

तिचा नवरा ऑयगेन मात्र रोज वर जाऊ लागला. आधी पिशव्या पोचवायला, मग सूप घेऊन, मग पत्ते खेळायला. बायकोचा गुडघा इतकी वर्षं दुखतोय, तिला जिन्यात कधी हात दिला नाही. आणि वर बाईसाहेबांच्या ब्रेडला लोणी लावून देतोय! इर्मगार्डच्या अंगाचा नुसता तिळपापड होई.

इर्मगार्डच्या विमा कंपनीचे क्नॉडलरसाहेब चौकशीला आले. "मीठ टाकलं असेल तर तुमच्यावर जबाबदारीच येत नाही. त्यांना काही मिळणार नाही. चूक तुमची असेल तर आम्ही भरू. औषधपाणी, फुटलेला चष्मा, सोसलेल्या दुखण्याची भरपाई, हात बरा होईपर्यंत घरकामाला बाई..."

"बाई?" इर्मगार्डने कान टवकारले. "ब्रेडला लोणी लावायलासुद्धा?"

"सगळ्याला."

"आणि मनाला झालेली इजा?"

"डॉक्टरांनी लिहून दिली तर तीही. खचल्यात का त्या?"

"ती कसली खचते! मी माझं विचारतेय."

"हा विमा दुसऱ्याला झालेल्या इजेचा, फ्राऊ बॉयर्ले. तुमची स्वतःची यात येत नाही."

इर्मगार्डने एकदा वरच्या मजल्याकडे पाहिलं. "मग लिहा. मीठ टाकलं नव्हतं. विसरले."

इमारतभर कुजबुज झाली, ती तिने सोसली. वर बाई कामाला आली, त्या दिवशी इर्मगार्डने ऑयगेनच्या आवडीचे मसूर शिजवले. तो धुतलेला शर्ट घालून दाराशी उभा.

"आता कुठे? बाई आहे ना तिथे!"

"अगं, इतके दिवस नुसता शेजारधर्म होता. आता चूक आपलीच निघाली. न जाऊन कसं चालेल? थोडे मसूर दे डब्यात. तिला आवडतात."

इर्मगार्डने डबा भरला. या वेळी मीठ टाकायला ती विसरली नाही. चांगलं मूठभर टाकलं.