माडीवरचा प्रॉम्प्टर

बोलपट आले आणि हुबळीकडच्या नाटक कंपन्यांना घरघर लागली. राजे वखारीत कारकून झाले. राण्या, म्हणजे रोज सकाळी दाढी करणाऱ्या, शाळामास्तर झाल्या. पण प्रॉम्प्टर राघवेंद्र आलूरकरांचं काय करायचं, हे कुणालाच सुचेना. राघूअण्णा तीस वर्षं विंगेच्या अंधारात नाटकाची वही धरून उभे राहिले होते. नट अडला की पुढचे दोन शब्द कुजबुजायचे, एवढाच त्यांचा धंदा. टाळ्या नटाला, पायाच्या फुगलेल्या शिरा यांना.

त्या धंद्यानं अण्णांचा आवाज खाऊन टाकला. बाजारात वांगी मागायची तरी ते अशी कुजबुजत मागत, की भाजीवाली आधी इकडेतिकडे पोलीस आहे का ते बघून घेई.

पस्तीस साली त्यांनी हुबळीच्या दुर्गदबैल पेठेत बाळाचार्यांच्या माडीवर एक खोली घेतली. जवळ होती ती कंपनीतून आणलेली पेटीभर पुस्तकं. पण एकट्यानं वाचवेना. प्रॉम्प्टरला समोर कुणीतरी अडलेलं लागतं. शेवटी त्यांनी माडीखालच्या दुकानातल्या दस्तगीर शिंप्याला चहाला बोलावलं आणि एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी उघडून कुजबुजले, "सरदार, घोडा आणा."

दस्तगीरला वाटलं, आपल्यालाच काहीतरी करायला सांगताहेत. तो छाती काढून ओरडला, "सरदार, घोडा आणा!"

रस्त्यावरच्या टांगेवाल्यानं वर पाहिलं. अण्णांच्या अंगावर काटा आला. वर्षभरानं त्यांचं वाक्य कुणीतरी उचललं होतं.

तिथून माडीवरच्या वाचनाची रीत पडली. दर गुरुवारी दुपारी अण्णा पुस्तकातलं एकेक वाक्य कुजबुजायचे आणि ज्याच्या वाट्याला जे पात्र असेल त्यानं ते मोठ्यानं म्हणायचं. कुणाला अक्षरओळख आहे आणि कुणाला नाही, हे विचारायची वेळच येत नसे. समोरच्या धान्याच्या अडतीवाल्यांची हेमावती अक्का यायला लागली. तिचं घर कानडी, मराठी बाजारापुरतं, पण कपटी प्रधान तिच्याइतका झणझणीत कुणी केला नाही. प्रधानाला राग चढला की तो सरळ कानडीत शिव्या देई, आणि पुस्तकात नसलेल्या त्या शिव्या अण्णा खुशाल चालू देत.

मग शेवंता आली. ती अळणावरकडची, जळणाच्या मोळ्या घेऊन रेल्वेनं हुबळीला यायची. मोळी टाकायला म्हणून माडी चढली, तेव्हा दस्तगीर राणीचं वाक्य म्हणत होता, "मी या महालातून हलणार नाही." तो ते असं म्हणत होता, जणू गिऱ्हाईकाला सांगतोय की सदरा सोमवारी मिळेल. शेवंतानं मोळी धाडकन टाकली, कमरेवर हात ठेवले आणि दारातूनच म्हणाली, "मी या महालातून हलणार न्हाई!"

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. दस्तगीर म्हणाला, "घे बाई, राणी तूच. मी दासी होतो."

बाळाचार्यांना मात्र हे सगळं खपेना. घरमालक असलेले हे गृहस्थ देवळात प्रवचन करत. विद्वत्ता अफाट, पण ऐन भरात शब्द हरवायचा. कर्ता एकादशीला निघाला तर क्रियापद द्वादशीला पोचे, आणि तोवर निम्मे श्रोते पारणं फेडायला घरी गेलेले असत. एका सोमवारी त्यांनी अण्णांना जिन्यात गाठलं.

"राघप्पा, दस्तगीर ठीक आहे, तो खालीच... खालीच..."

"असतो," अण्णा सवयीनं कुजबुजले.

"असतो! पण ती मोळीवाली माझ्या घरात वर चढून बसते, हे चालणार नाही. गुरुवारी तिला सांग. नाहीतर तू खोली..."

"रिकामी कर."

"रिकामी कर!" म्हणून आचार्य समाधानानं खाली गेले.

अण्णांनी तीन रात्री जागून काढल्या. साठीला आलेल्या माणसाला दुसरी खोली कोण देणार? आणि दिली तरी तिथे राणी कोण होणार? पण अण्णा उभ्या आयुष्यात कधी उजेडात आले नव्हते. भांडायचं कसं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. सांगून टाकावं, असं त्यांनी ठरवलं.

गुरुवारी सगळे जमले. अण्णांनी पुस्तक उघडलं, पण नजर वर करवेना. पानाकडे बघतच ते कुजबुजले, "शेवंता, उद्यापासून तू..."

"शेवंता, उद्यापासून तू!" शेवंतानं माडी दणाणून सोडली. मग थबकली. "अण्णा, ह्ये कुणाचं वाक्य? राजाचं व्हय?"

"राजाचं नाही," अण्णा घाम पुसत म्हणाले. "चुकून मागचं पान उघडलं."

"मागल्या पानात माझं नाव हाय?" शेवंता खूश झाली.

"अय्यो, तुझंच पुस्तक आहे की मग!" हेमावती अक्का म्हणाली.

एवढ्यात जिना वाजला. आचार्य उंबऱ्यापर्यंत आले आणि तिथेच थांबले, कारण आत विटाळ होता. त्यांनी शेवंताकडे बोट केलं आणि देवळातला आवाज लावला.

"राघप्पा! मी तुला सोमवारी... सोमवारी..."

"बजावलं होतं."

"बजावलं होतं! या घराला एक... एक..."

"परंपरा आहे."

"परंपरा आहे!"

दस्तगीरनं दाढीत हसू दाबलं. आचार्यांना मात्र ते दिसलं नाही. त्यांची वाक्यं आज पाण्यासारखी वाहत होती. चेहरा उजळला, हात हवेत फिरू लागले. अण्णांचंही भान सुटलं होतं. समोर नट अडत होता आणि ते शब्द पुरवत होते, मग त्यात स्वतःची खोली जात असली तरी.

"तेव्हा मी चार माणसांसमोर शब्द देतो," आचार्य कडाडले, "की आजपासून ही बाई या माडीवर... या माडीवर..."

शेवंताच्या तोंडावरचं हसू मावळलं. कसली बोलणी चाललीत, ते तिला आत्ता कळलं. ती हळूच मोळीची दोरी गोळा करू लागली.

पुढचा शब्द अण्णांच्या ओठावर तयार होता. तीस वर्षांत त्यांनी कुणाला चुकीचं वाक्य दिलं नव्हतं. एकदा मरायच्या प्रवेशात नट उचक्या देत होता, तेव्हासुद्धा नाही. त्यांनी शेवंताच्या हातातल्या दोरीकडे पाहिलं आणि कुजबुजले, "बसेल."

"बसेल!" आचार्य गरजले.

मग त्यांनाच ते ऐकू आलं.

"वा आचार्य, वा!" हेमावती अक्कानं टाळ्या पिटल्या. "देवळातल्या माणसाचा शब्द! शेवंता, कूडु, बस खाली."

"नाही, नाही, म्हणजे बसेल, पण..." आचार्य लालबुंद झाले. "पण... पण..."

त्यांनी आशेनं अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी ओठ घट्ट मिटले होते. आयुष्यात पहिल्यांदाच ते अडलेल्या माणसाकडे सरळ बघत गप्प उभे होते.

आचार्यांनी आढ्याकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं. शब्द कुठेच नव्हता. "बघतो," एवढंच म्हणून ते खाली उतरायला लागले.

"आवो आचार्य," शेवंता मागून ओरडली, "जळण संपलंय का खाली? जाताना टाकून जाते!"

"टाक," जिन्यातून आवाज आला. "ओलं नको."

अण्णांनी पान शोधलं, घसा खाकरला. खाकरण्याचा आवाज इतका मोठा झाला, की दस्तगीर दचकला.

"कुठपर्यंत आलो होतो?" अण्णांनी विचारलं. खणखणीत, खालच्या रस्त्यावर ऐकू जाईल असं.